गुलाबी बोंडअळीचं खापर कास्तकाराच्याच डोक्यावर का?

राळेगावकर

दिवाळीत गावी होतो. संध्याकाळी वडील वावरातून आले ते बंडीच्या खिशात चार हिरवी बोंडं घेऊन. ओट्यावर बसून एकेक बोंड विळ्यानं चिरलं. बाहेरून बोंड टणक, हिरवंगार, कुठं डाग नाही. आतले दोन कप्पे पांढरेशुभ्र, तिसरा कुजून पिवळा पडलेला, आणि त्यात सरकी पोखरून बसलेली नखाएवढी गुलाबी अळी. चारपैकी तीन बोंडांत हेच. वडील काही बोलले नाहीत. चिरलेली बोंडं उचलून चुलीत टाकली.

दोन दिवसांनी गावात शेतीशाळा झाली. तिथं आलेल्या एका मार्गदर्शकांनी सरळ सांगितलं, "तुम्ही नॉन-बीटी लावली नाही, म्हणून अळीत प्रतिकारशक्ती आली." चाळीसेक माणसं गप्प बसून होती. त्यात वडीलही होते. मला ते सहन झालं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत सापडणारा जिवाणू. १९०१ साली जपानमध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना तो पहिल्यांदा हाती लागला, नाव मात्र पुढे जर्मनीतल्या थुरिंगियावरून पडलं. हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. अळीच्या पोटातला रस अल्कधर्मी, त्यात हा स्फटिक विरघळतो. पाचकरसांनी तो कापला गेला की विष जागं होतं आणि आतड्याच्या पेशींवर ठरावीक ठिकाणी जाऊन चिकटतं. पेशींना भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि चिकटायची ती ठिकाणंही नसतात. या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं की झालं बीटी कापूस.

२६ मार्च २००२ ला जनुकबदल पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या जीईएसी समितीनं एका जनुकाच्या (क्राय१एसी) तीन संकरित वाणांना परवानगी दिली. २००६ ला दोन जनुकांचं (क्राय१एसी आणि क्राय२एबी) बोलगार्ड-२ आलं. २०१० मध्ये हे तंत्रज्ञान आणणाऱ्या खुद्द मोन्सँटो कंपनीनंच जाहीर केलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही. २०१५ ला गुजरातेत बोलगार्ड-२ वरही अळी पडली आणि २०१७ ला आपल्या विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी अळीनं कपाशीचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता नॉन-बीटीचा मुद्दा. नियम असा होता की बीटीच्या सभोवती २० टक्के क्षेत्र किंवा ५ ओळी, जे जास्त असेल तेवढी साधी कपाशी लावायची. पाकिटासोबत १२० ग्रॅमची पुडी यायची. यामागचा विचार पक्का आहे. लाखात एखादी अळी बीटी पचवते. तिचा पतंग तसल्याच दुसऱ्या पतंगाशी जुळला तर पुढची सगळी पिढी प्रतिकारक. पण शेजारच्या साध्या कपाशीतून हजारो साधे पतंग उडत असतील तर त्याचा जोड त्यांच्याशीच लागणार आणि ती पिलं पुन्हा बीटी खाऊन मरणार.

पण ही साधी कपाशी लावायची कोणी? आमची पाच एकर जमीन, म्हणजे एक एकर अळीला पोसायला द्यायची. वडिलांनी पहिल्या वर्षी पुडी इमानदारीनं लावली होती. त्या झाडांची उंची वेगळी, फुलोरा वेगळ्या वेळी, बी कुठल्या वाणाचं ते पुडीवर धड लिहिलेलंही नव्हतं. त्या ओळींवर इतकी अळी पडली की फवारे मारावे लागले आणि फवारा मारला की साधे पतंग वाचवायचा हेतूच संपला. दुसऱ्या वर्षापासून पुडी कोठीच्या फळीवर पडून राहिली. त्या एक एकराचं नुकसान भरून द्यायची तरतूद कोणाच्याच योजनेत नव्हती.

शिवाय जगात कुठंच नाही ते आपण केलं. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलियात बीटी कापूस मुख्यतः सरळ, म्हणजे संकर न केलेल्या वाणात आहे. आपल्याकडे जवळजवळ सगळाच संकरित, कारण संकरित बी दरवर्षी विकत घ्यावंच लागतं. संकरित झाडात जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सरकीत जनुकांची वाटणी होते. दोन जनुकांच्या वाणात १६ सरक्या धरल्या तर ९ मध्ये दोन्ही विषं, ३ मध्ये फक्त पहिलं, ३ मध्ये फक्त दुसरं आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी सरकी खाऊनच जगते. म्हणजे एकाच बोंडात तिला बिनविषारी, अर्धं विषारी आणि पूर्ण विषारी अशी पंगत मांडून दिली. असं बी बाजारात आणायचं कास्तकारानं ठरवलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यांनी असं बी निवडलं, ज्यांनी त्याला परवानगी दिली आणि ज्यांनी पाच एकरवाल्याला अमेरिकेतला नियम लावला, त्यांनी आधी उत्तर द्यावं.

परभणीकर

राळेगावकर, तुमच्या वडिलांना सर्वांसमोर असं बोलणं चूकच. पण तुमची मांडणी मला अर्धीच पटते. मी तीस वर्षं विस्तार खात्यात कपाशीच्या किडी पाहिल्या आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो.

पहिलं म्हणजे २००१ चा हंगाम ज्यांनी पाहिला नाही त्यांनी जुन्या लोकांना विचारावं. हिरवी बोंडअळी, जिला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो, तिनं तेव्हा काय हाल केले होते. माणसं पंप पाठीवर घेऊन दर आठवड्याला फवारत होती, दोन-तीन औषधं एकत्र करून, आणि तरी अळ्या हातानं वेचून रॉकेलच्या डब्यात टाकाव्या लागत. ती अळी बीटीनं आवरली आणि आजही बऱ्यापैकी आवरलेली आहे. देशाचं उत्पादन २००१-०२ ला १५८ लाख गाठी होतं, ते २०१३-१४ ला ३९८ लाखांवर गेलं. सगळं श्रेय बीटीचं नाही, पण वाटा आहेच.

दुसरं, गुलाबी अळीचं. ही हिरवीसारखी शंभर पिकांवर जगणारी अळी नाही. तिचं पोट कपाशीवरच, फार तर भेंडी-अंबाडीच्या कुळातल्या एखाद-दुसऱ्या झाडावर. म्हणजे वावरात कपाशी नसेल तर तिला खायला नाही. डिसेंबरअखेर कपाशी उपटली, पऱ्हाटी, म्हणजे उपटलेल्या काड्या, नष्ट केली आणि पुढच्या जूनपर्यंत रान मोकळं ठेवलं तर तिची साखळी तुटते. हे मी शंभर गावांत सांगितलं. प्रत्यक्षात मार्च महिन्यात ओलित देऊन उभी असलेली फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली जुनी कपाशी, मी पाहिली आहे. त्या झाडांत विषाचं प्रमाण घटलेलं, कारण झाड जसं जुनं होतं तसं क्राय१एसी कमी होत जातं. थोडं विष आणि महिनोन्महिने मुबलक खाणं. प्रतिकार घडवायला याहून चांगली शाळा नाही. ही शाळा कंपनीनं चालवली नाही, आपण चालवली.

तिसरं, बोंडातल्या वाटणीचा तुमचा मुद्दा केशव क्रांती यांनी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत असताना जोरात मांडला होता आणि तो विचार करण्याजोगा आहे. पण चीनकडे बघा. यांगत्सेच्या खोऱ्यात तिथल्या शेतकऱ्यांनी बीटीच्या संकराची दुसरी पिढी पेरली, त्यात आपोआप पाव हिस्सा झाडं साधी निघाली आणि गुलाबी अळीत वाढत चाललेला प्रतिकार उलटा फिरला. २०१७ ला ते संशोधन प्रसिद्ध झालं. म्हणजे मिश्रण नेहमीच वाईट असतं असं नाही.

राळेगावकर

सर, चीनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथं पाव हिस्सा झाडंच्या झाडं साधी होती. साध्या झाडावर वाढलेली अळी आयुष्यात विषाला भेटलीच नाही, तिचा पतंग निर्मळ निघाला. आपल्याकडे मिश्रण एकाच बोंडात आहे. अळी एका सरकीतून दुसरीत जाते, थोडं विष खाते, थोडं टाळते. अर्धा डोस सोसण्याची ताकद असलेली अळी इथं वाचते, जी पूर्ण विषारी बोंडात मेली असती. दोन्ही गोष्टी एक कशा?

आणि तिथल्या शेतकऱ्याला वेगळं काही करावं लागलं नाही. स्वस्त बी मिळालं म्हणून त्यानं पेरलं, साधी झाडं आपोआप आली. मला नेमकं हेच म्हणायचं आहे. बियाण्यातच सोय असेल तर शेतकऱ्याच्या शिस्तीवर काही अवलंबून राहत नाही. आपल्याकडे ही अक्कल पुडी बंद करून साधं बी पाकिटातच मिसळायला लागले तेव्हा आली. आता ४७५ ग्रॅमच्या पाकिटात निदान ५ टक्के साधं बी मिसळलेलं असतं. अळी बोलगार्ड-२ पचवून बसली, त्यानंतर.

वावरातला माणूस

सायबांनी फरदडीचं लिहिलं. मी सांगतो काहून ठेवतो फरदड. माझी सात एकर, वणी तालुक्यात. कपाशीले लावला पैसा: बी, खत, डवरणी, निंदण, फवारा, वेचणी. पहिला वेचा सीतादहीची पूजा करून आणला अन् तो उधारीवाल्याच्या घरी गेला. दुसरा वेचा बँकेत. तिसऱ्या वेच्यात घराले काही उरते. मंग डिसेंबरात झाडाले वरून पाच-सात हिरवी बोंडं लागून हायेत, अन् सायेब म्हणतात उपटून टाक. ते बोंडं म्हंजे माह्या पोरीची फी हाये. उपटून हरभरा पेरतो म्हटलं तर त्याले ओल पाहिजे, विहिरीले पाणी पाहिजे, रात्रीच्या लायनीवर मोटर चालली पाहिजे. कोरडवाहू माणसानं उपटून पेरावं काय?

अन् पऱ्हाटी जाळा म्हणता. माही माय वर्षभर त्याच पऱ्हाटीवर स्वयंपाक करते. घरामागं गंज रचून ठेवतो. त्यात अळी झोपून राहते हे मले समजते. पण चुलीत काय घालू ते पण सांगा.

शेतकऱ्याची चूक नाही असं मी म्हणत नाही. चूक हाये. पण ती चूक करायले कोणी हौसेनं जात नाही.

देशीसरकी

मला या चर्चेतली एक गोष्ट खटकते. आश्रयाची, म्हणजे साध्या कपाशीची पुडी नीट लावली असती, फरदड उपटली असती, वाण सरळ असतं तर सगळं सुरळीत झालं असतं, असं तुम्ही दोघंही गृहीत धरता. मला तसं वाटत नाही. किडीला मारायचं एकच विष झाडाच्या पेशीपेशीत, पेरल्यापासून वेचणीपर्यंत, एक कोटीहून जास्त हेक्टरांवर ठेवायचं आणि किडीनं तोड काढू नये म्हणायचं, हे निसर्गात चालत नाही. हवाईत १९९० च्या सुमारास कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगानं बीटीच्या फवाऱ्यालाच दाद देणं सोडलं होतं, तिथं तर जनुकबदल वगैरे काही नव्हतं. पोर्टो रिकोत मक्यावरची लष्करी अळी, दक्षिण आफ्रिकेत मक्याचा खोडकिडा, आयोवात मक्याची मूळ कुरतडणारी अळी. प्रत्येक ठिकाणी थोड्याच वर्षांत हेच घडलं.

केशव क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांचा लेखाजोखा मांडला. कपाशीवर किडनाशकाचा हेक्टरी खर्च बीटी आल्यावर आधी घसरला आणि २०१८ पर्यंत बीटीच्या आधी होता त्याहूनही वर गेला. उत्पादनवाढीतला मोठा भाग खत आणि ओलिताशी जुळतो, असं त्यांनी आकडे लावून दाखवलं.

वर्धा जिल्ह्यात आम्ही काही बाया मिळून देशी कपाशी लावतो, गॉसिपियम आर्बोरियम. बोंड लहान, धागा आखूड, भाव कमी. हे लपवत नाही. पण तिच्यावर तुडतुडे कमी, पाण्याचा ताण सोसते, लवकर मोकळी होते आणि बी घरचं. पहिल्या वर्षी आम्हाला हसले लोक. आमचं म्हणणं, किडीला मारायचं कसं हा प्रश्न नंतरचा. कीड पोसलीच जाणार नाही असं पीक आधी लावा.

परभणीकर

देशीसरकी ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण दोन गोष्टी. प्रतिकार अटळ आहे हे खरं नाही. ॲरिझोनात १९९६ पासून बीटी कापूस आहे, गुलाबी अळी तिथलीही मुख्य कीड. तिथं आश्रय पीक कायद्यानं लावलं गेलं आणि दहा वर्षं अळीचा प्रतिकार वाढला नाही. मग २००६ पासून विमानातून वांझ केलेले पतंग सोडले. २०१८ ला अमेरिकेनं आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं. तीच अळी, तेच विष. निकाल पूर्ण वेगळा. त्यामुळे दोष विषाचा नाही, वापराचा आहे.

आणि देशी कपाशीवर गुलाबी अळी पडत नाही असं कोणी समजू नये. पडते. लवकर वेचून मोकळी झाल्यानं तिच्या तडाख्यातून सुटते. म्हणजे हंगाम आखूड केल्याचा तो फायदा आहे. तो बीटीच्या आखूड मुदतीच्या सरळ वाणातही मिळेल, ९० बाय १५ सेंटिमीटरवर सघन लागवड केली तर १५० दिवसांत वावर मोकळं. इथं मी राळेगावकरांच्या जवळ येतो. हजाराहून जास्त संकरित वाणांना परवानगी मिळाली, कोणी १५० दिवसांचं, कोणी २०० चं, कोणी आज फुलणार, कोणी महिन्यानं. एका शिवारात एवढे वाण म्हणजे अळीला जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत फूल-बोंड सतत हजर. या धोरणाबद्दल आमच्या खात्यानंही आवाज उठवायला हवा होता. माझ्यासकट आम्ही तो उठवला नाही.

अकोटचा पाटील

सगळेजण मागं बघून बोलत आहेत. मी पुढचं विचारतो. २००६ नंतर या देशात कपाशीत बाजार व्यापेल असं एकही नवीन जनुक अधिकृतपणे आलेलं नाही. का? कारण कंपनीला मिळणारं शुल्क सरकारनं पाकिटामागं १६३ रुपयांवरून २०१६ ला ४९ वर आणलं, मग आणखी खाली आणि २०२० ला शून्य. वर परवानग्या अडवून ठेवायच्या. मग कोणती कंपनी या देशात नवीन संशोधन आणेल? अळी दरवर्षी बदलते आणि आपलं बी वीस वर्षं जुनं.

तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला द्या, शरद जोशी आयुष्यभर हेच सांगत आले. २०१९ च्या जूनमध्ये आमच्या अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी उघडपणे तणनाशक सहन करणारं एचटीबीटी लावलं ते याच भावनेनं. बांगलादेशानं आपल्याच जालन्यात घडलेलं बीटी वांग्याचं तंत्रज्ञान २०१३ ला मंजूर केलं आणि आपण २०१० पासून ते स्थगित ठेवून बसलो आहोत. शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी आपला माळवेवाला शेतकरी एक दिवसाआड फवारतो आणि तेच वांगं आपण खातो. हे कोणाला चालतं?

राळेगावकर

पाटील साहेब, वांग्याबद्दल तुमच्याशी भांडण नाही. पण लक्षात घ्या, बांगलादेशात बीटी वांगं तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं सरळ वाणात दिलं. शेतकरी घरचं बी धरू शकतो. तुमचं उदाहरणच सांगतं की जनुक कुठल्या बियाण्यात आणि कोणाच्या हातून येतं याला किंमत आहे.

एचटीबीटीचं मात्र पटत नाही. त्यातलं नवीन जनुक तणनाशक सोसण्यासाठी आहे, गुलाबी अळीचं त्यानं काहीच बिघडत नाही. आणि ते बी ज्या पाकिटांतून गावोगाव येतं त्यावर ना खरं नाव, ना बिल, ना साध्या बियाण्याची हमी. उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करायची? २०१७ ला आम्ही कपाशीच्या नुकसानीचे जी फॉर्म भरले तेव्हा पहिल्यांदा पाकीट आणि पावती मागितली. ज्यांच्याकडे पावती नव्हती ते तिथंच गळाले. चोरबीटीवाल्याला तर फॉर्मच भरता येत नाही.

नवीन जनुक आणायचं तर आणा. पण तेही लांब मुदतीच्या संकरितात, एक-एक करून आणलं तर त्याचीही हीच गत होणार. बोलगार्ड-२ च्या वेळी दोन जनुकांचा आधार मिळेल असं सांगितलं. प्रत्यक्षात गुजरातेत पहिलं जनुक मोडून पडलं तेव्हा दुसरं एकटंच लढत होतं, आणि एकटं किती दिवस लढणार?

कवडीवेचणी

मी शेतमालकाची नाही, मजुराची मुलगी आहे. म्हणून वेगळं लिहिते.

माझी आई बावीस वर्षं कापूस वेचते. मजुरी किलोमागे. चांगलं बोंड फुटलेलं असेल तर पाच बोटांत एका झटक्यात सगळा कापूस निघतो. अळीचं बोंड अर्धवट उघडतं, त्यातला कापूस सालपटाला चिकटून बसतो, पिवळा, चिवट, त्याला आम्ही कवडी म्हणतो. ती नखांनी ओरबाडून काढावी लागते. बोंडाची टोकं बोटांत शिरतात, संध्याकाळी आई पिठाचा गोळा मळते तेव्हा हात आखडलेले असतात. चांगल्या कापसाला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळात निम्मा माल. म्हणजे अळी पडली की आईची मजुरी त्याच दिवशी अर्धी होते. तिला ना जी फॉर्म, ना विमा, ना पंचनामा. आजवर मी वाचलेल्या एकाही अहवालात वेचणाऱ्या बाईचं नुकसान मोजलेलं नाही.

आणि २०१७. यवतमाळ जिल्ह्यात त्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. त्यात बहुतेक मजूर. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, हवा कोंदट, फवारा मारला की तो आपल्याच तोंडावर येई. आमच्या वस्तीतले एक काका आठ दिवस डोळ्यांनी नीट पाहू शकत नव्हते. गुलाबी अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि मागचं भोकही बुजतं. आतल्या अळीपर्यंत फवारा पोचतच नाही. हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं ना? मग तिच्यासाठी एवढं फवारायला कोण सांगत होतं? दुकानदार सांगत होता, आणि त्याला कोणी थांबवत नव्हतं.

कंपनी चुकली, सरकार चुकलं, शेतकरी चुकला, यावर तुम्ही भांडता ते भांडा. पण बीटी चालू ठेवा की बंद करा, या प्रश्नाचं उत्तर देताना पंप कोणाच्या पाठीवर आहे ते आधी बघा.

परभणीकर

तुमचं लिहिणं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. फवारणीच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. गुलाबी अळीत फवारा हा शेवटचा उपाय आहे, तोही आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावर.

आधीची कामं अशी: हेक्टरी ५ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाची गोळी लावलेले. लागोपाठ तीन रात्री सापळ्यात सरासरी ८ पतंग आले तरच धोका समजायचा. फुलांत डोमकळ्या दिसल्या, म्हणजे पाकळ्या आतून जाळीनं बांधून मिटलेली फुलं, तर ती तोडून अळीसकट नष्ट करायची. अंड्यांवर ट्रायकोग्रामा या परजीवी किड्याची कार्डं, सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क. दर आठवड्याला वीस हिरवी बोंडं चिरून पाहायची, दहात एक अळीची निघाली तर मगच औषधाचा विचार. नर पतंगाला मादी सापडू नये म्हणून गंधाची दोरी बांधायची पद्धतही आता आली आहे. पण ती एकट्यानं बांधून उपयोग नाही, सगळ्या शिवारानं बांधावी लागते, नाहीतर शेजारून भरलेल्या माद्या उडत येतात.

आणि वावरातला माणूस, तुमच्या पऱ्हाटीच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. गंज घरामागं ठेवायचीच असेल तर निदान तिच्यावरची न फुटलेली बोंडं आधी झाडून जाळा. अळी बोंडात आणि दोन सरक्या जोडून केलेल्या कोषात झोपलेली असते, काडीत नाही. काडी चुलीला ठेवा.

वावरातला माणूस

हे आजवर कोणी असं फोडून सांगितलं नव्हतं सायेब. सगळे म्हणत पऱ्हाटी जाळा, पऱ्हाटी जाळा. बोंडं झाडून घेणं तर जमते. पोरं लावतो कामाले.

पण उपटायचं एकट्यानं नाही होत. माह्या वावराले लागून एकाची बागायत हाये, तो मार्चपर्यंत ठेवते. त्याच्या वावरातले पतंग माह्या नव्या कपाशीवर येतात. मी उपटून माहं नुकसान करू अन् पतंग त्याच्याकडून येऊ, हे कसं चालन? गावानं ठराव केला तर मी पहिला उपटतो.

देशीसरकी

परभणीकर सर, आमच्या देशी कपाशीवर अळी पडते हे मान्य, मी ते आधीच लिहायला हवं होतं. पण मग एक विचारते. आखूड मुदतीचं सरळ वाण हे खरं औषध असेल तर ते वाण सरकारी संस्थांनी वीस वर्षांत गावागावात का नाही पोचवलं? २००९ ला सरकारी बिकानेरी नरमा बीटी आलं होतं. सरळ वाण, घरचं बी धरता येणारं. त्यात दुसऱ्याचंच जनुक निघालं आणि विक्री थांबली. त्यानंतर ती वाट किती मनापासून धरली? बीटीला माझा विरोध आहे, पण घरचं बी धरता येणाऱ्या बीटीला तो निम्मा आहे.

अकोटचा पाटील

सरळ वाण मलाही चालेल. मात्र सक्ती नको. ज्याला संकरित लावायचं त्यानं लावावं, ज्याला सरळ लावायचं त्याला बी मिळावं, आणि दोन्हींच्या पाकिटावर मुदतीचे दिवस खरे छापलेले असावेत. कवडीवेचणी ताई, तणनाशकानं निंदणाची मजुरी जाते, हा आक्षेपही तुम्ही घेऊ शकला असता. तो घेतला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं, हे कबूल करतो.

राळेगावकर

परवा वडिलांना हा सगळा धागा फोनवर वाचून दाखवला. फरदडीबाबत ते परभणीकर सरांच्या बाजूचे निघाले. म्हणाले, पुडीचं खापर माझ्यावर नको, पण मागच्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत ठेवली ती मीच, अडीच क्विंटलसाठी. तेही माझ्या मूळ लेखात मी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

त्यांनी पाच एकरांत दहा सापळे लावले आहेत. शिवारात आमच्या धुऱ्याला धुरा लागलेली चौदा वावरं. वडील आणि धाकटा काका दोन संध्याकाळी फिरले. नऊ जण डिसेंबरअखेर उपटायला तयार, तिघं म्हणतात बाकीचे उपटतील तर पाहू, दोघांकडे ओलित आहे आणि ते नाही म्हणाले. त्या दोघांपैकी एक माझा शाळेतला मित्र आहे. त्याच्याकडे मी रविवारी जातो आहे.

सापळ्यांचे आकडे वडील वहीत लिहून ठेवतात. सोमवारी रात्री सरासरी ६, मंगळवारी ९, बुधवारी ११. आजही आठच्या वर गेला तर सलग तिसरी रात्र. सकाळी मोजून इथं लिहितो. कवडीवेचणी ताई, आकडा वर गेला तरी आधी वीस बोंडं चिरून पाहायची असं वडिलांशी ठरलं आहे. आणि फवारायची वेळ आलीच तर पंप मी घेणार आहे, मजूर सांगायचा नाही.